मिळवायचे दहा

मॅट्रिकच्या वर्षी माझ्याजवळ एक वही होती आणि त्या वहीमुळे वर्गात मला फार भाव होता. आमच्या शाळेचा कोणता मुलगा कुठल्या कॉलेजात गेला, त्याला मॅट्रिकला किती टक्के पडले होते, कोणाला कुठून नकाराचं पत्र आलं, हे मागच्या पाच वर्षांचं सगळं मी त्यात टिपून ठेवलं होतं. त्यासाठी मी कोणाच्याही ओट्यावर जाऊन बसायचो. पोस्टमनला वाटेत थांबवायचो, मुलांच्या आयांकडून लाडू खाता खाता गुण काढून घ्यायचो. पस्तीस साल उजाडत होतं आणि वर्गातली निम्मी मुलं माझ्याकडे येऊन विचारायची, "आमचं काय रे?" पंचवटीत रामकुंडाकडे जाताना पत्रिका बघणारे बसत. मुलं मलाही ज्योतिषी म्हणत. ती थट्टा होती, पण मला ती मनापासून आवडायची, हे आज कबूल करायला हरकत नाही.

ती वही बांधली होती माझ्या मित्राच्या वडिलांनी. त्यांना मी चाचा म्हणायचो. जुन्या नाशकात त्यांचं बाइंडिंगचं लहानसं दुकान होतं. मामलेदार कचेरीची दप्तरं, शाळेची हजेरीबुकं, पेढीवाल्यांच्या वह्या, सगळं त्यांच्या हातून जायचं. दुकानात कायम चिकटवायच्या खळीचा आंबूस वास असायचा. मी कोरे कागद घेऊन गेलो तेव्हा त्यांनी दोन दिवसांत शंभर पानांची जाड पुठ्ठ्याची वही करून दिली, कोपऱ्यांना लाल कापड लावलं आणि पैसे घेतले नाहीत. "आमच्या पोराचा दोस्त हाय तू," एवढंच म्हणाले. चाचांना लिहिता-वाचता येत नव्हतं. वहीत मी काय लिहितो ते बघायला मात्र त्यांना आवडायचं. पान बोटांनी चाचपून ते शाई वाळली का बघत.

मित्र वर्गात गणिताला पहिला. मी दुसरा, कधी तिसरा. आम्ही दोघं गंगापूर रस्त्याला फिरायला जायचो. तिकडे तेव्हा दोन्ही बाजूंना मळे होते आणि मोटेचा आवाज लांबपर्यंत यायचा. तो चालता चालता भूमितीची उदाहरणं तोंडी सोडवायचा आणि मी धापा टाकत वाद घालायचो. दोघांनाही इंजिनिअर व्हायचं होतं. त्यासाठी पुण्याच्या एका कॉलेजात सायन्सला जागा मिळवायची, हा एकच रस्ता आहे अशी आमची खात्री होती. तिथे प्रयोगशाळेत टेबलं मोजकी, त्यामुळे बाहेरगावची मुलं मोजकीच घेत. माझी वही सांगत होती की आमच्या शाळेतून पाच वर्षांत दर वर्षी एकच मुलगा तिथे गेला होता. दोघं कधीच नाहीत. आणि पासष्ट टक्क्यांच्या खाली कोणीच नाही.

आता मामांबद्दल सांगायला हवं. माझे मामा त्याच शाळेत गणित शिकवत आणि आमच्याच घरी राहत. पेपर तपासून झाले की बेरजा तपासायला ते मला बसवत. हे नियमात बसत नव्हतं, पण मामांचा माझ्यावर विश्वास होता. आदल्या वर्षी मॅट्रिकच्या वर्गाच्या प्रिलिमच्या बेरजा मी केल्या होत्या. जूनमध्ये निकाल लागला, गुण कळले, आणि मी ते वहीत उतरवायला बसलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की प्रिलिमपेक्षा प्रत्येकाला सुमारे दहा टक्के जास्त होते. हुशार असो की ढ, दहा. मुलं म्हणायची, शेवटचे दोन महिने घासली म्हणून वाढले. मी मामांना विचारलं.

मामा हसले. म्हणाले, "घासली तर आहेच. पण प्रिलिमला आम्ही सगळे मास्तर हात आखडून गुण देतो. पोरं घाबरली पाहिजेत. नाहीतर फेब्रुवारीत पतंग उडवत बसतील." मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "हे बाहेर बोलायचं नाही. मुलांना कळलं तर प्रिलिमला काही अर्थ उरणार नाही. माझी शपथ आहे तुला." मी शपथ घेतली. शपथ घ्यायला मला नेहमीच आवडत असे, कारण तिने माणूस आपल्याच नजरेत जरा मोठा होतो.

आमची प्रिलिम डिसेंबरात झाली. जानेवारीत वर्गात टक्के वाचून दाखवले. मित्राला एकोणसाठ, मला सत्तावन्न. त्या संध्याकाळी मी वही उघडून पेन्सिलीने कोपऱ्यात दोन बेरजा केल्या. त्याचे एकोणसत्तर, माझे सदुसष्ट. दोघंही पासष्टच्या वर. पण शाळेतून जाणार एकच, आणि तो एक मी नव्हतो. मी त्या बेरजा लगेच खोडून टाकल्या. पण खोडून काय होतं, आकडे डोक्यात बसले होते.

संक्रांतीच्या चार दिवस आधी चाचा आणि मित्र दोघं आमच्या घरी आले. चाचा सहसा कोणाच्या घरी जात नसत. ओट्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "बेटा, एक सल्ला पायजे. इगतपुरीच्या रेल्वे शेडमध्ये माझ्या वळखीचा फोरमन हाय. काम शिकायला एक उमेदवार घेणार हाय, एप्रिलपासून. पाच सालचा करार. महिनाअखेर हो का नाय सांगायचं. आता तू बोल, याला पुण्याचं कालेज भेटल का नाय?"

मित्र खाली बघत होता. पुण्यात त्याचे मामू राहत होते, राहण्या-जेवणाची सोय त्यांच्याकडे ठरलेली होती. प्रश्न फक्त जागेचा होता. मिळणार असेल तर फोरमनला नाही म्हणायचं, मिळणार नसेल तर हातची उमेदवारी घालवायची नाही. निकाल लागेपर्यंत थांबायला फोरमन तयार नव्हता. पाच वर्षांचा करार एकदा केला की मग काही बदलता येणार नव्हतं, आणि हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मी आत जाऊन वही आणली. चाचांनी बांधलेली वही चाचांसमोर उघडली आणि पाच वर्षांचे आकडे एकेक करून वाचले. एकाहत्तर, अडुसष्ट, सत्तर, सहासष्ट, अडुसष्ट. मग म्हणालो, "पासष्टच्या खाली कोणी गेलेला नाही, आणि याला एकोणसाठ आहेत."

यातला एकही आकडा खोटा नव्हता. ते पाचही आकडे मॅट्रिकचे होते आणि त्याचे एकोणसाठ प्रिलिमचे होते, एवढंच मी बोललो नाही. मामांची शपथ होती ना! मी मनात तिला घट्ट धरून बसलो होतो. मला वाटत होतं की मी वचन पाळतोय.

पण मित्र गणितातला होता. त्याने मान वर करून विचारलं, "मॅट्रिकला प्रिलिमपेक्षा जास्त पडतात का रे?"

सरळ प्रश्न. मी "मला माहीत नाही" म्हणू शकलो असतो. "मामांना विचार" म्हणू शकलो असतो. मामा तेव्हा दहा पावलांवर, आतल्या खोलीत, उद्याचे धडे काढत बसले होते. शपथेला धक्का न लावता सुटायचे असे चार रस्ते होते. मी म्हणालो, "उलट कमीच पडतात. तिथे परीक्षक अनोळखी."

मामांनी मला गप्प राहायला सांगितलं होतं, खोटं बोलायला नव्हे. ते खोटं सर्वस्वी माझं होतं. आजवर किती तरी वेळा मी त्या संध्याकाळचा दोष मामांच्या शपथेवर, शाळेच्या रीतीवर, फोरमनच्या घाईवर ढकलून पाहिला. दर वेळी तो परत येऊन त्या एका वाक्यापाशीच थांबतो.

चाचांनी मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर ठेवली. मग मित्राच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चल. इगतपुरी काय वाईट नाय." आई आतून चहा घेऊन आली. चाचांनी बशीत ओतून तो पूर्ण प्यायला आणि जाताना मला म्हणाले, "बरं झालं, तू खरं बोललास. दुसरा असता तर पोराला खूश करायला काहीतरी सांगितलं असतं."

आठवडाभराने ते करारनामा घेऊन पुन्हा आले. पालकाची सही आणि दोन साक्षीदार हवे होते. एक साक्षीदार शेजारच्या दुकानातला झाला होता. मला नुकतीच अठरा पुरी झाली होती, त्यामुळे दुसरा मी. आयुष्यभर वह्या बांधणाऱ्या त्या माणसाने निळ्या शाईत अंगठा बुडवून कागदावर उठवला. त्याखाली मी पूर्ण नावानिशी सही केली. अक्षर चांगलं यावं म्हणून निब पुसून घेतली. मला हे आठवतं आणि अंगावर काटा येतो, की मी तेव्हा अक्षराचा विचार करत होतो.

परीक्षा झाली. एप्रिलमध्ये मित्र इगतपुरीला गेला. जूनमध्ये निकाल लागला आणि नंतर गुण आले. त्याला एकाहत्तर, मला सहासष्ट.

त्या दिवशी मामांनी मला जवळ बोलावलं. "त्याने तुला विचारलं होतं?"

"हो."

"तू काय सांगितलंस?"

"वहीतले आकडे सांगितले."

मामांनी खुंटीवरची टोपी घेतली, छत्री घेतली आणि बाहेर पडले. ते कुठे गेले ते मी विचारलं नाही. रात्री जेवताना ते माझ्याशी बोलले नाहीत आणि त्यानंतर पेपरच्या बेरजा करायला त्यांनी मला कधी बसवलं नाही. मला वाटलं, शिक्षा एवढीच आहे आणि ती सोसण्यासारखी आहे.

पुण्याहून पत्र आलं, जागा मिळाल्याचं. आमच्या शाळेतून मी एकटाच. घरात पेढे आले. वडील मामलेदार कचेरीत होते, त्यांनी तिथे वाटले. वाटताना आम्ही चाचांनी बांधलेल्या दप्तरांच्या कपाटापाशी उभे होतो, हे माझ्याखेरीज कोणाच्या लक्षात आलं नाही.

नाशिकहून पुण्याला जायचं तर गाडी इगतपुरीवरून जाते. घाटासाठी तिथे इंजिन बदलतात, त्यामुळे गाडी बराच वेळ उभी राहते. पहिल्यांदा निघालो तेव्हा मी हे विसरलो होतो. गाडी थांबली आणि खिडकीशी मित्र उभा. अंगावर तेलाने काळवंडलेली निळी डगली, हातात पळसाच्या पानांचा द्रोण आणि त्यात जांभळं. "घे," म्हणाला, "शेडच्या मागचीच आहेत."

मी द्रोण घेतला. "शेडमध्ये कसं काय?" असं काहीतरी विचारलं. त्याने इंजिनबद्दल सांगितलं, घाटातली नवी इंजिनं विजेवर चालतात, त्यांच्यात धूर नसतो, फोरमन बरा माणूस आहे. मग तो गप्प राहिला. बराच वेळ. प्लॅटफॉर्मवर हमाल ओरडत होते. तो खिडकीच्या गजाला धरून माझ्याकडे बघत होता. मी एक जांभूळ तोंडात टाकलं, दुसरं टाकलं, बिया द्रोणातच ठेवत गेलो. शेवटी मीच म्हणालो, "तुला एकाहत्तर पडले. माझा अंदाज चुकला."

"चुकतो," तो म्हणाला. "अंदाज आहे, चुकणारच."

शिट्टी झाली. त्याने गज सोडला. गाडी बोगद्यात शिरली तेव्हा मला वाटलं, चला, त्याने माफ केलं. पण कल्याण येईपर्यंत त्या वाटण्यातली हवा निघून गेली. त्याने माफ केली होती ती चूक, आणि चूक तर मी केलीच नव्हती. माझा अंदाज अगदी बरोबर होता. जे केलं होतं ते चूक म्हणून मीच त्याच्या हातात दिलं होतं, आणि त्याने ते घेतलं, असं मी धरून चाललो.

त्यानंतर सुट्टीला येता-जाता इगतपुरी आली की मी पलीकडच्या बाजूच्या बाकावर जाऊन बसायचो आणि तोंडासमोर पुस्तक धरायचो. नाशकात असताना जुन्या नाशकाकडे फिरकायचो नाही. चाचांकडे वह्या बांधायला न्यायच्या असल्या तर वडिलांना सांगायचो, शिपायाला पाठवा. कॉलेजात माझं चाललं होतं, पण बेताचं. इंटरला वर्गात माझा नंबर खाली गेला. इंजिनिअरिंगला अर्ज केला तेव्हा किती टक्क्यांना घेतात हे मला नेमकं माहीत होतं, आणि आपली निवड होणार नाही हेही. झाली नाही. मी बीएस्सीला राहिलो. ज्या जागेसाठी मी ते बोललो होतो, तिचं मी एवढंच केलं.

अडतीस सालच्या संक्रांतीला मी घरी होतो. हिवतापातून उठलो होतो आणि डॉक्टरांनी पुण्याला जायला महिनाभर बंदी केली होती. संक्रांतीला कोणीही कोणाकडे तिळगूळ घेऊन जातं, त्यामुळे दार लावून बसता येत नाही. दुपारी आईने हाक मारली, "अरे, कोण आलंय बघ." ओट्यावर मित्र उभा होता. तीन वर्षांत खांदे रुंद झाले होते. बोटांच्या पेरांमधलं काळं तेल धुऊनही गेलेलं नव्हतं. आईने त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला, नेहमीचं गोड बोलायचं सांगितलं आणि आत गेली.

तो चाचा बसले होते तिथेच बसला. खिशातून घडी केलेला गुणांचा कागद काढला.

"माझा भाऊ यंदा मॅट्रिकला आहे," म्हणाला. "प्रिलिमला सत्तावन्न आहेत. पुण्याच्या कॉलेजचं काय होईल, तुझ्या वहीत बघून सांग."

मी वही आणली. पान उघडलं, आकड्यांवरून बोट फिरवलं. मी बोलणार तेवढ्यात तो शांतपणे म्हणाला, "दहा मिळवून सांग."

मी वर बघितलं.

"मास्तरांनी सांगितलं मला. जूनमध्येच. गुण आले त्या दिवशी छत्री घेऊन भर पावसात घरी आले होते. अब्बांसमोर हात जोडले त्यांनी."

म्हणजे इगतपुरीच्या प्लॅटफॉर्मवर द्रोण घेऊन उभा होता तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. मी कसंबसं म्हणालो, "मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"मी कशाला बोलू? तू बोलशील असं वाटलं होतं. म्हणून तर तुझी गाडी विचारून घेऊन आलो होतो. गाडी किती वेळ उभी होती, आठवतं? तू जांभळं खात बसलास."

मी त्याची माफी मागायला लागलो. "माझं चुकलं" म्हणता म्हणता चुकलं या शब्दाशीच अडलो. त्याने हात वर करून थांबवलं. "आधी बेरीज कर."

मी पेन्सिल घेतली. सत्तावन्न आणि दहा, सदुसष्ट. त्याच्या भावाला जागा मिळू शकते, असं मी त्याला सांगितलं. यंदा वर्गात त्याच्याहून वर किती आहेत, त्यातले पुण्याला जाणारे किती हे आधी काढावं, इतर कुठे अर्ज करावा, किती दिवस आधी करावा, मला माहीत होतं ते सगळं सांगितलं. तो मन लावून ऐकत होता. मग म्हणाला, "ही वही मी नेतो. मोहल्ल्यात आणखी चार पोरं आहेत. आणि किती मिळवायचे ते पहिल्या पानावर लिहून दे."

मामा शेजारच्या खोलीत होते. दार उघडं होतं, आमचं बोलणं त्यांना ऐकू जात असणार. ते काही बोलले नाहीत. मी दौत-टाक घेतला आणि पहिल्या पानावर लिहिलं की आमच्या शाळेत प्रिलिमला हात आखडून गुण देतात, तरी मॅट्रिकचा अंदाज करताना त्यात दहा मिळवावेत. वही त्याच्यापुढे केली.

त्याने ते वाचलं. त्याच्या वडिलांसारखंच बोटाने चाचपून शाई वाळली का बघितलं आणि वही परत माझ्याकडे सरकवली.

"खाली सही कर," म्हणाला. "पूर्ण नावानिशी. करारनाम्यावर केली होतीस तशी."

मी सही केली. तो वही घेऊन उठला, आईला हाक मारून येतो म्हणाला आणि गेला. हातावरचा तिळगूळ त्याने खाल्ला नव्हता. तो ओट्यावरच होता.